क्वाथ व संधानासाठी भरड : हातचक्कीची निवड आणि वापर

प्रस्तावना

औषधिद्रव्याची ओळख, ग्रहणकाल, शोधन व मात्रा यांविषयी आपल्या अभ्यासक्रमात विस्ताराने शिकविले जाते. मात्र तेच द्रव्य पातेल्यात पडण्यापूर्वी किती बारीक असावे, याचा निर्णय प्रत्यक्ष व्यवहारात बहुधा गिरणीवाल्याकडे जातो. आपण पिशवी पाठवितो, तो दळून देतो आणि जे हाती येते त्याला आपण 'काढ्याचे चूर्ण' म्हणतो. वस्तुतः भरड हा कल्पनेचा पहिला संस्कार आहे. तो बिघडला तर पुढील मान, अग्नी व काळ कितीही काटेकोर पाळले तरी कल्पना सिद्ध होत नाही.

ज्या वैद्यांना आपल्या रुग्णांपुरते काढे, आसव, अरिष्ट किंवा तुषोदक स्वतः तयार करावयाचे आहे, त्यांच्यासाठी हाताने फिरवावयाची चक्की हे अत्यंत उपयुक्त व आटोपशीर साधन आहे. तिची निवड, जुळणी, वापर व मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्राधार

शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडात क्वाथाचे मान सांगताना द्रव्यासाठी 'क्षुण्ण' हा शब्द योजिला आहे. क्षुण्ण म्हणजे कुटलेले, ठेचलेले, पिष्ट नव्हे. असे एक पल द्रव्य सोळा पट पाण्यात शिजवून अष्टमांश शेष ठेवावे, असा तो विधी आहे. आयुर्वेदिक फॉर्म्युलरीप्रमाणे पल ४८ ग्रॅम धरल्यास पाणी ७६८ मि.लि. व शेष क्वाथ ९६ मि.लि. होतो. परंपरेत या भरडीला 'यवकूट' म्हणतात, म्हणजे यवाच्या दाण्याच्या अदमासाने कुटलेले द्रव्य.

फॉर्म्युलरीतील आसवारिष्टाच्या सामान्य विधीतही हा भेद स्पष्ट आहे. क्वाथ्य द्रव्यांचे स्थूल चूर्ण करून कषाय काढावा, प्रक्षेपद्रव्ये मात्र सूक्ष्म करून घालावीत आणि धायटीची फुले स्वच्छ करून शेवटी टाकावीत. एकाच अरिष्टात तीन द्रव्यांची तीन रूपे अपेक्षित आहेत. सर्व द्रव्ये एकाच पिशवीत भरून एकदाच दळून आणणारा वैद्य हा भेद पहिल्याच पायरीवर पुसून टाकतो.

धान्यसंधानाविषयी तर शास्त्र अधिक नेमके आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २५ व्या अध्यायात ८४ आसव गणले असून त्यांतील सहा धान्यासव आहेत : सुरा, सौवीर, तुषोदक, मैरेय, मेदक व धान्याम्ल. शार्ङ्गधरांनी तुषांबु व सौवीर यांतील भेद सांगताना तुषांबूसाठी कच्चे व 'विदलित' यव, तर सौवीरासाठी निस्तुष व शिजविलेले यव सांगितले आहेत. विदलित म्हणजे फुटलेले, दुभंगलेले. दाणा फुटावा परंतु त्याचे पीठ होऊ नये आणि तूस शिल्लक राहावे, एवढा अर्थ त्या एका शब्दात आहे.

विदेशात घरी बिअर तयार करणारे लोक हातचक्की घेताना याच गोष्टीची काळजी घेतात. मोड आणून वाळविलेला जव ते दोन रुळांच्या हातचक्कीतून काढतात व रुळांमधील अंतर सुमारे १ मि.मी. ठेवतात. आतील पिष्टमय भाग मोकळा व्हावा आणि तूस अखंड राहावे, हा हेतू असतो, कारण पुढे द्रव गाळताना त्या तुसाचाच थर गाळणीचे काम करतो. पीठ झाले तर तो थर चिखलासारखा बसतो व द्रव उतरत नाही. त्यांचे पेय व आपले तुषोदक यांचा हेतू वेगळा असला तरी दाण्याचा स्वभाव एकच आहे.

अतिसूक्ष्म व अतिस्थूल, दोन्ही दोषास्पद

द्रव्याचे कण फार मोठे राहिले तर पाणी गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. अष्टमांश उरेपर्यंत आटवूनही वीर्यभाग चोथ्यातच राहतो. कण फार बारीक झाले तर उलट दोष उत्पन्न होतात. द्रव्यातील पिष्टभाग उकळताना फुगतो, काढा घट्ट होतो, तळाशी लागतो व करपट वास येतो. फडक्यातून गाळताना तो उतरत नाही, पिळला तर सूक्ष्म गाळ काढ्यात येतो. असा गढूळ कषाय संधानपात्रात गेल्यास फेस अधिक येतो, तळाशी जाड साका बसतो आणि निवळ अरिष्ट हाती कमी लागते.

हा दोष मी स्वतः केलेला आहे. दारव्हा तालुक्यात २००६ साली व्यवसाय सुरू केला, तेव्हा भारनियमनामुळे गिरणी ठरावीक तासच चाले. घाईघाईत कुड्याची साल दळून आणली व ती अगदी पिठासारखी आली. तिचा कषाय करून कुटजारिष्ट घातले. गाळण्यातच अर्धा दिवस गेला, भर वैशाखात पात्र फसफसून वाहिले आणि शेवटी जे उरले ते आंबट झाल्याने टाकून द्यावे लागले. दोष उष्ण ऋतूचाही होता, परंतु आरंभ त्या पिठापासून झाला होता.

एक अनुभव

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. २०१४ साली नऊ वर्षांचा एक मुलगा उपचारासाठी आला. त्यास सिलिअॅक विकाराचे निदान झालेले होते. गहू पूर्ण बंद केल्यानंतर त्याची प्रकृती सुधारली होती, परंतु अग्निमांद्य राहिले होते. नागरमोथा, सुंठ व वाळविलेला बेलगर यांचा काढा मी योजिला. दोन आठवड्यांनी त्याचा अतिसार व आध्मान पुन्हा सुरू झाले. आहाराची चौकशी केली, आईने पथ्य कसोशीने पाळले होते. तिनेच सहज विचारले, "डॉक्टरसाहेब, ही पुडी कुठे दळता?"

पुडी पिठाच्या गिरणीत दळलेली होती. आमच्या आधी तेथे गव्हाचे दळण झालेले असणार, हे मला सुचावयास हवे होते. गिरणीवाल्याचा त्यात काहीही दोष नव्हता, पिठाच्या गिरणीत पीठ असणारच. काढा तत्काळ थांबविला आणि पुढील काही आठवड्यांत मुलाची प्रकृती पूर्ववत झाली. कारणाची प्रयोगशाळेत तपासणी केली नव्हती, त्यामुळे हा पुरावा म्हणून मांडत नाही. मात्र त्यानंतर माझ्या दवाखान्यातील कोणतेही द्रव्य पिठाच्या किंवा मिरचीच्या गिरणीत गेलेले नाही. त्याच महिन्यात हातचक्की घेतली.

साधनांचे प्रकार

१) उखळ-मुसळ व खलबत्ता : तंतुमय मुळे व साली ठेचण्यास आजही यांना पर्याय नाही. दोष एवढाच की कण असमान पडतात व श्रम अधिक लागतात.

२) दगडी जाते : आपल्या भागात तुरीची डाळ भरडण्याची सवय असलेल्या घरांत जात्याचे मर्म ठाऊक असते. मधल्या खिळीवर चिंधीची चकती घालून वरची पाळी किंचित उचलली की पिठाऐवजी भरड पडते. जाते मंद फिरते, तापत नाही व सुगंधी द्रव्यांचा वास टिकतो. मात्र दगड गंध व तेल शोषतो आणि टाकी लावल्यावर काही काळ कच निघते. नवीन टाकी लावलेल्या जात्यावर प्रथम कोंडा दळून टाकून द्यावा. यव, धने, जिरे यांसाठी जाते उत्तम, कठीण सालींसाठी नव्हे.

३) तबकड्यांची हातचक्की : बिडाची असून ती टेबलाच्या कडेला आवळून बसवितात. वरच्या पात्रातून द्रव्य आत पडते, आतील मळसूत्र ते पुढे ढकलते आणि एक स्थिर व एक फिरती अशा दोन दातेरी तबकड्यांमध्ये ते भरडले जाते. तबकड्यांतील अंतर पुढील स्क्रूने कमी-अधिक करता येते. कोलंबियात मक्यासाठी प्रचलित असलेली 'कोरोना' नावाची चक्की याच जातीची असून विदेशातील घरगुती संधानकर्तेही ती वापरतात. विविध द्रव्ये हाताळणाऱ्या वैद्यास हा प्रकार सर्वाधिक सोयीचा.

४) रुळांची हातचक्की : केवळ तुसासहित धान्य फोडण्यासाठी श्रेष्ठ. सुंठ किंवा साल तिच्यात पकडली जात नाही. तुषोदक नियमित करणाऱ्यानेच ती घ्यावी.

५) विद्युत पल्व्हरायझर : मोठ्या निर्मितीस आवश्यक. परंतु वेग व उष्णता अधिक असल्याने वेलची, लवंग, दालचिनी यांसारख्या द्रव्यांतील उडनशील तेलाची हानी होते आणि योग्य जाळी न बसविल्यास चूर्ण अतिसूक्ष्म होते.

निवडताना पाहावयाच्या बाबी

तबकड्यांची हातचक्की घेताना पुढील गोष्टी दुकानातच तपासून घ्याव्यात.

• दांडा फिरविताना फिरती तबकडी डगमगता कामा नये. ती डगमगत असेल तर एका बाजूने पीठ व दुसऱ्या बाजूने अखंड दाणे पडतात.

• स्क्रूवर आवळण्याची दुसरी चकती म्हणजे चेकनट असावी. ती नसल्यास फिरविताना अंतर आपोआप बदलते.

• तबकड्या सहज काढता याव्यात व त्यांची जोडी सुटी मिळत असावी. झिजणारा भाग हाच आहे.

• आतील पृष्ठावर रंग नसावा. रंगाचे पापुद्रे थेट औषधात उतरतात.

• दांडा लांब असावा. आखूड दांड्यास बळ अधिक लागते व फिरविण्याची गती असमान राहते.

नवीन चक्कीवर गंज टाळण्यासाठी यंत्राचे तेल लावलेले असते. सर्व भाग सुटे करून गरम पाणी व साबणाने धुवावे, लगेच कोरडे करून उन्हात ठेवावे. नंतर मूठमूठ तांदूळ भरडून टाकत जावे. भरड करडी दिसेनाशी झाली म्हणजे चक्की औषधास योग्य झाली असे समजावे.

भरडण्याचा विधी

१) द्रव्य निवडून, पाखडून व पूर्ण वाळवून घ्यावे. मोडल्यावर 'कट्' असा आवाज होऊन तुटले पाहिजे, वाकता कामा नये. यवतमाळच्या उन्हाळ्यात हे सहज साधते. श्रावण-भाद्रपदात द्रव्य हवेतील ओल धरते, तबकड्यांत चिकटते व भरडीच्या गुठळ्या होतात. म्हणून पावसाळ्यात भरडणे आवश्यक असल्यास द्रव्य आधी मंद उष्णतेवर सुकवून घ्यावे.

२) सुंठ, हिरडा, बेहडा यांसारखी द्रव्ये आधी खलबत्त्यात फोडून हरभऱ्याएवढी करावीत. हिरडा, बेहडा व आवळा यांच्या बिया काढाव्यात.

३) तबकड्या जेमतेम एकमेकींस लागेपर्यंत स्क्रू आवळावा व तेथून सुमारे अर्धा फेरा मागे घ्यावा. चेकनट आवळावी. वीस ग्रॅम द्रव्य घालून नमुना पाहावा आणि त्यानुसार अंतर बदलावे. कठीण द्रव्य दोन फेऱ्यांत काढावे, पहिल्यांदा अंतर अधिक व दुसऱ्यांदा कमी. एकाच फेरीत बारीक करण्याचा अट्टहास केल्यास पीठ वाढते.

४) पात्र काठोकाठ भरू नये. दांडा एकसारख्या मंद गतीने फिरवावा. अडकल्यास उलट फेरा द्यावा, जोर लावू नये. तबकड्या एकमेकींस लागलेल्या असताना रिकामी चक्की कधीही फिरवू नये, लोखंडाचा कीस पडतो.

५) मिरे, पिंपळी यांची धूळ श्वासात जाते, म्हणून नाकातोंडावर फडके बांधावे.

६) तयार भरडीवरून लोहचुंबक फिरवावे. कीस चिकटून आला तर भरड वापरू नये व तबकड्या तपासाव्यात.

चाळणीची परीक्षा

'यवकूट' हा शब्द डोळ्यांना अंदाज देतो. आयुर्वेदिक फार्माकोपियाची चाळणीपद्धती त्या अंदाजाला माप देते. स्थूल चूर्ण म्हणजे जे सर्वच्या सर्व १० क्रमांकाच्या चाळणीतून (छिद्र १.७ मि.मी.) जाते व ज्यातील ४० टक्क्यांहून अधिक भाग ४४ क्रमांकाच्या चाळणीतून (छिद्र ०.३५५ मि.मी.) जात नाही.

समजा १०० ग्रॅम भरड घेतली. १० क्रमांकाच्या चाळणीवर १२ ग्रॅम राहिली, तर तेवढीच पुन्हा चक्कीतून काढून त्यात मिसळावी. नंतर ४४ क्रमांकाच्या चाळणीतून ३४ ग्रॅम खाली पडली तर भरड योग्य. ५० ग्रॅम पडली तर तबकड्यांचे अंतर वाढवावे.

येथे एक सूचना महत्त्वाची आहे. ४४ मधून खाली पडलेला बारीक भाग टाकून देऊ नये. द्रव्याचा ठिसूळ भाग आधी बारीक होतो व तंतुमय भाग मागे राहतो, त्यामुळे दोन्ही भागांचे गुण सारखे नसतात. बारीक भाग फेकणे म्हणजे द्रव्याचे अंग फेकणे होय. चाळणी ही परीक्षेसाठी आहे. मोजणी झाली की सर्व भाग पुन्हा एकत्र करावेत.

प्रत्येक द्रव्यासाठी स्क्रू किती फेरे मागे घेतला, याची नोंद वहीत ठेवावी. दुसऱ्या वर्षी तीच नोंद वेळ वाचविते.

तुषोदकासाठी यव

बाजारात मिळणारा 'जव' बहुधा सडून पांढरा केलेला असतो. तो निस्तुष असल्याने सौवीरास चालेल, तुषोदकास नाही. तुषोदकासाठी तुसासहित यव शेतकऱ्याकडून किंवा बियाण्याचे औषध न लावलेले असे खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावे. १ किलो यवावर १० ते २० मि.लि. पाणी शिंपडून हाताने चोळावे व थोडा वेळ झाकून ठेवावे. दाणा कोरडाच राहतो, पण तूस चिवट होते व भरडताना त्याचे तुकडे होत नाहीत. नंतर अंतर बरेच मोकळे ठेवून यव एकदाच चक्कीतून काढावे. मूठभर भरड ताटात पसरून पाहावी : अखंड दाणा दिसू नये, प्रत्येक दाणा दोन-चार तुकड्यांत फुटलेला असावा, तूस मोठे राहावे व बोटांस पीठ फारसे लागू नये. असे यव विदलित झाले, असे समजावे. ओल दिलेले यव साठवू नयेत, त्याच दिवशी संधानास लावावेत.

गव्हाप्रमाणे यवातही सिलिअॅक रुग्णास वर्ज्य असलेले प्रथिन असते. म्हणून यवाची चक्की व क्वाथद्रव्यांची चक्की वेगळी असावी. मीही दोन चक्क्या ठेवल्या आहेत व त्यांच्या दांड्यांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधले आहेत.

चक्कीत न घालावयाची द्रव्ये

गुळवेल, शतावरी व दशमुळांतील तंतुमय मुळे तबकड्यांभोवती गुंडाळतात. ती अडकित्त्याने किंवा कोयत्याने बारीक कापून उखळात ठेचावीत. गुग्गुळ, हिंग, मनुका, खारीक ही चिकट द्रव्ये व तीळ, एरंडबीज यांसारखी स्निग्ध बीजे तबकड्या बुजवितात. धायटीची फुले अखंडच घालावयाची असल्याने त्यांचा प्रश्नच नाही. वचनाग, कुचला, बिब्बा, धोत्र्याचे बी ही द्रव्ये या चक्कीत कोणत्याही कारणाने घालू नयेत. कितीही धुतले तरी दातांच्या खाचांत अंश राहत नाही, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

स्वच्छता व साठवण

प्रत्येक द्रव्यानंतर तबकड्या काढून कोरड्या ब्रशने झाडाव्यात. तीव्र गंधाच्या द्रव्यानंतर मूठभर तांदूळ भरडून टाकावा. धुतल्यास लगेच पुसून वाळवावे. हिरडा, आवळा, अर्जुनसाल यांसारखी कषाय द्रव्ये ओलसर लोखंडास लागली की काळपट निळा रंग येतो, म्हणून ती पूर्ण कोरड्या चक्कीतच भरडावीत. चक्कीस खाद्यतेलाचा हात लावून ठेवल्यास पुढील वापरापूर्वी तो पुसून काढावा, अन्यथा तेल खवट होते.

शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन मासांनंतर हीन होते असे म्हटले आहे. भरडीस तोच नियम लावणे इष्ट. द्रव्य अखंड साठवावे व लागेल तेवढेच भरडावे. हातचक्कीचा हा मोठा लाभ आहे, कारण अर्धा किलो द्रव्य भरडण्यासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही.

औषधनिर्मात्यांसाठी

केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या व बाजारात न विकणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना अनुसूची 'टी' मधील उत्तम निर्माणपद्धतीच्या अटींतून सूट आहे. विक्रीसाठी निर्मिती करणाऱ्यांना परवाना, स्वतंत्र विभाग, योग्य यंत्रे व प्रत्येक घाण्याच्या नोंदी अनिवार्य आहेत. त्यांचे काम हातचक्कीवर भागणार नाही. तथापि नवीन द्रव्याचा नमुना भरडून चाळणीचे प्रमाण ठरविणे व त्यावरून पल्व्हरायझरची जाळी निवडणे, यासाठी हातचक्की त्यांच्याही उपयोगाची आहे. 'क्वाथ चूर्ण' विकणाऱ्या निर्मात्यांनी पुडीत स्थूल चूर्णच जाते की नाही, हे चाळणीने तपासावे. तसेच भरड अन्य ठिकाणी करून घेतली जात असेल, तर तेथे आधी काय दळले जाते याची लेखी चौकशी करावी.

समारोप

सूट मिळाली म्हणजे जबाबदारी संपली, असे नाही. उलट तपासणारा दुसरा कोणी नसल्याने ती पूर्णतः वैद्यावर येते. हातचक्कीवर भरडताना प्रत्येक तुकडा वैद्याच्या हाताखालून जातो. कीड, बुरशी, परकी साल किंवा खडा तेव्हाच दिसतो. पिशवीतून आलेल्या बारीक चुर्णात यांपैकी काहीच ओळखता येत नाही.

एक किलो कुड्याची साल भरडण्यास मला साधारण अर्धा तास लागतो. व्यस्त व्यवसायात हा वेळ जड वाटेल. परंतु रुग्णाच्या आईने 'कुठे दळता' असे विचारल्यास आपणास निःशंकपणे उत्तर देता आले पाहिजे. वैद्यबंधूंनी एखाद्या नेहमीच्या काढ्यापासून आरंभ करावा, चाळणीची नोंद ठेवावी व जुन्या गिरणीच्या चुर्णाचा आणि नव्या भरडीचा काढा शेजारी शेजारी करून पाहावा. गाळतानाच फरक ध्यानात येईल.